चालकविरहित वाहने आणि मावळचे नगरनियोजन

मावळ तालुक्यातील गावे आणि शहरे आज जेथे आहेत तेथेच का वाढली, याचा मागोवा घेऊ लागले की प्रत्येक टप्प्यावर एखादा मार्ग समोर येतो. कार्ले आणि भाजे येथील लेणी कोकणातील बंदरांकडून घाटमाथ्यावर येणाऱ्या व्यापारी वाटेच्या आधाराने उभी राहिली. लोहगड आणि विसापूर हे किल्ले त्याच वाटेवर नजर ठेवीत. १८३० मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून चाकांच्या गाड्यांसाठी रस्ता खुला झाला. १८५८ मध्ये पुणे–खंडाळा लोहमार्ग सुरू झाला. परंतु घाटातील काम अपुरे असल्याने पुढील पाच वर्षे उतारूंना मधले अंतर पालखीतून, तट्टावरून किंवा पायीच उतरावे लागे. १८६३ च्या मे महिन्यात घाटाचा लोहमार्ग पुरा झाला. सदतीस फुटांमागे एक फूट अशा त्या तीव्र चढावर गाडीला मागून जोर देणारी जादा इंजिने, त्यांची देखभाल आणि तेथील कर्मचारी यांमुळे लोणावळ्यास शहराचे रूप आले. मार्च १९७८ मध्ये पुणे–लोणावळा लोकल सुरू झाली आणि तळेगाव, वडगाव, कामशेत येथील माणूस रोज पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात जाऊन संध्याकाळी आपल्या घरी परतू लागला. २००२ मध्ये मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाल्यावर मुंबईकरासही पवनेच्या काठी दुसरे घर बांधणे परवडण्याजोगे वाटू लागले.

वाहतुकीचे साधन बदलले की वस्तीचा आकार बदलतो, हे या दीडशे-दोनशे वर्षांत मावळाने अनेकदा अनुभवले आहे. आता ज्या साधनाची चर्चा जगभर चालू आहे ते म्हणजे चालकाविना धावणारे वाहन. हे वाहन मावळच्या रस्त्यांवर सर्रास दिसू लागण्यास अवधी आहे. तथापि जमिनीचा वापर ठरविणाऱ्या योजना वीस वर्षांच्या हिशेबाने आखल्या जातात. त्या अवधीत जे साधन रस्त्यावर येण्याची शक्यता आहे, त्याचा विचार आजच्या आराखड्यात व्हावा, ही अपेक्षा वाजवी आहे. त्यातही मावळचा या विषयाशी संबंध केवळ कल्पनेतील नाही.

टाकव्याची चाचणीभूमी

पुण्याच्या वेताळ टेकडीवर १९६६ पासून कार्यरत असलेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था देशातील वाहनांची तपासणी व प्रमाणीकरण करते. या संस्थेचे एक केंद्र मावळात, आंदर मावळच्या तोंडाशी असलेल्या टाकवे येथे आहे. चालकास साहाय्य करणाऱ्या ज्या प्रगत यंत्रणा ‘अॅडास’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जातात, त्यांची परीक्षा घेण्यासाठी शहरातील रस्त्यांची प्रतिकृती असलेला खास चाचणीमार्ग उभारण्याचे काम संस्थेने येथेच हाती घेतले. समोर अडथळा दिसताच आपोआप ब्रेक लागणे, गाडी आपली मार्गिका सोडू लागताच इशारा मिळणे, चालकास डुलकी लागल्याचे ओळखणे ही या यंत्रणांची कामे. चालकविरहित वाहनाच्या शिडीची या खालच्या पायऱ्या होत.

वाहनांच्या स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या अमेरिकेतील वाहन-अभियंत्यांच्या संघटनेने २०१४ मध्ये ठरवून दिल्या, आणि त्याच आज सर्वत्र मानल्या जातात. दुसऱ्या पायरीपर्यंत यंत्र मदत करते, पण रस्त्यावरील लक्ष आणि जबाबदारी चालकाचीच. तिसऱ्या पायरीवर यंत्र काही काळ कारभार आपल्याकडे घेते व अडचण आली की चालकास हाक मारते. चौथ्या पायरीवर ठरावीक रस्ते, ठरावीक हवामान आणि ठरावीक वेग एवढ्या मर्यादेत चालकाची गरजच राहत नाही. पाचवी म्हणजे कोठेही, केव्हाही, चालकावाचून. ती अद्याप कोणासही साधलेली नाही. अमेरिकेत फिनिक्स येथे २०२० पासून सर्वसामान्य उतारूंना मिळू लागलेल्या चालकाविना टॅक्सी चौथ्या पायरीवरच्या आहेत. भारतात आज जी नवी मोटार ‘स्वयंचलित’ म्हणून विकली जाते, ती बहुधा दुसऱ्या पायरीवर असते. ग्राहकाने हा फरक नीट समजून घेणे त्याच्याच हिताचे आहे. घाटात हात सोडून बसण्याचा परवाना कोणत्याही कंपनीने दिलेला नाही.

कायद्याच्या बाजूने पाहता, मोटार वाहन अधिनियमात २०१९ मध्ये झालेल्या सुधारणेने संशोधन व चाचणी यांसाठी काही वाहनांना नेहमीच्या तरतुदींतून सूट देण्याचा अधिकार केंद्र शासनाकडे आला. व्यावसायिक वाहनांत आपोआप ब्रेक लावणारी व चालकाच्या झोपेची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची करण्याचा मसुदा २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्णतः चालकविरहित मोटारींविषयी मात्र केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री श्री. नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये जाहीरपणे विरोध नोंदविला आहे, व त्याचे कारण म्हणून चालकांच्या रोजगाराकडे बोट दाखविले आहे. ज्या तालुक्यात शेतीला जोड म्हणून कंपनीच्या बसवर, शाळेच्या गाडीवर किंवा वडाप जीपवर काम करणारा तरुण गावोगाव आढळतो, तेथे या कारणाचे वजन वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

यंत्राची नजर आणि घाटातील धुके

असे वाहन रस्ता पाहते कसे? त्याला तीन प्रकारचे डोळे असतात. कॅमेरा माणसाप्रमाणे रंग, आकार, पाट्या आणि पांढरे पट्टे ओळखतो. रडार रेडिओलहरी सोडून समोरच्या वस्तूचे अंतर व वेग मोजते. तिसरे साधन लायडार. ते प्रकाशाचे असंख्य सूक्ष्म झोत फेकते आणि परत येणाऱ्या झोतांवरून सभोवतालचे त्रिमितीय चित्र रचते. या तिन्हींची माहिती एकत्र करून, तिची पूर्वी तयार केलेल्या नकाशाशी सांगड घालून संगणक पुढचा निर्णय घेतो.

लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेस पासष्ट किलोमीटरवर, पुण्यात, तो सातशेच्या घरात येतो. जुलै-ऑगस्टमध्ये खंडाळ्याच्या घाटात दहा-वीस पावलांपलीकडचे दिसत नाही, हे त्या वाटेने जाणारा प्रत्येक जण जाणतो. अशा वेळी कॅमेऱ्याची अवस्था माणसाच्या डोळ्यासारखीच होते. लायडारचे झोत पाण्याच्या थेंबांवर आणि धुक्यावर आदळून विखुरतात. रडार धुक्यातूनही चालते, पण समोर दगड आहे, जनावर आहे की पत्र्याचा तुकडा, हे त्याला नेमके उमगत नाही. रस्त्यावर पाण्याचा थर साचला की मार्गिकेचे पट्टेच दिसेनासे होतात. भरीला दरडी आहेतच: जुलै २०१५ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२३ मध्ये द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याच्या परिसरात दरड कोसळली होती. नकाशात सकाळी असलेला रस्ता दुपारी नसतो, ही गोष्ट कोरड्या वाळवंटी शहरात शिकलेल्या यंत्राला नवीच असणार.

यंत्र शिकते म्हणजे काय, हेही येथे पाहिले पाहिजे. त्याला लाखो छायाचित्रे दाखवून ‘ही मोटार, हा माणूस, हा पदपथ’ असे ओळखावयास लावतात. युरोपात २०१६ मध्ये तयार झालेला असा एक प्रसिद्ध छायाचित्रसंग्रह प्रामुख्याने जर्मन शहरांतील शिस्तबद्ध रस्त्यांवरचा होता. हैदराबादच्या आयआयआयटी या संस्थेने २०१८ मध्ये हैदराबाद, बंगळूर आणि त्यांच्या आसपासच्या रस्त्यांवरील सुमारे दहा हजार चित्रांचा भारतीय संग्रह सिद्ध केला. त्यात ऑटोरिक्षा आणि जनावरे यांना स्वतंत्र वर्ग द्यावे लागले. एवढेच नव्हे, तर डांबरी रस्त्याच्या कडेची जी कच्ची पट्टी प्रसंगी गाडी घालण्याजोगी असते, तिच्यासाठीही वेगळी खूण करावी लागली. आपल्या साइडपट्टीचे हे शास्त्रीय नामकरण वाचताना थोडे हसू येते खरे, पण अभ्यासकांनी अडचण अचूक हेरली आहे.

मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतील टेंपी या शहरात चाचणीवरील एका स्वयंचलित मोटारीने रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेस धडक दिली व तिचा मृत्यू झाला. चौकशीत असे आढळले की, ठरवून दिलेल्या पट्ट्यांवाचून अन्यत्र माणूस रस्ता ओलांडील, ही शक्यताच त्या यंत्रणेच्या रचनेत गृहीत धरलेली नव्हती. मावळात जुन्या मुंबई–पुणे महामार्गावर शाळेत जाणारी मुले, डोक्यावर भारा घेतलेल्या बाया आणि गुरे ओलांडतात ती कोणत्या पट्ट्यांवरून? बऱ्याच ठिकाणी पट्टाच नाही. टाकव्यास जी यंत्रे पारखली जातील, त्यांची खरी परीक्षा चाचणीमार्गाच्या फाटकाबाहेर, कान्हे फाट्यावर आहे.

सोपा रस्ता कोठे संपतो

या दृष्टीने द्रुतगती मार्ग सर्वांत सोपा. सुमारे ९५ किलोमीटरच्या या मार्गावर पादचारी, बैलगाडी व दुचाकी यांना प्रवेश नाही. येण्याजाण्याची ठिकाणे मोजकी आहेत. २०२४ पासून कॅमेऱ्यांवर आधारित वाहतूक-व्यवस्थापन यंत्रणाही तेथे सुरू झाली आहे. खोपोली ते कुसगाव हा घाट टाळणारा सुमारे तेरा किलोमीटरचा नवा दुवा दीर्घ बोगदे आणि उंच पूल यांवरून नेण्याची योजना आहे, आणि बोगद्यात धुके व पाऊस दोन्ही नसतात. २०१६ साली द्रुतगती मार्गावरील अपघातांत १५१ जण मरण पावले होते. त्यानंतर कठडे, सूचनाफलक, गस्त व अपघातग्रस्तांना त्वरित मदत अशा साध्या उपायांवर भर देण्यात आला आणि मृत्यूंची संख्या लक्षणीयरीत्या उतरली. डुलकी, अतिवेग आणि मार्गिका तोडणे ही अपघातांची मोठी कारणे असल्याने, चालकास सावध करणारी यंत्रे येथे लवकर गुण देतील, असे मानण्यास जागा आहे.

परंतु गाडी उर्स्याजवळ किंवा वलवणला मार्ग सोडून खाली उतरली की ती त्याच जुन्या रस्त्यावर येते, जेथे पदपथ नाही आणि रिक्षा, टेम्पो, दुचाकी व पादचारी एकाच पट्टीवर चालतात. चौथ्या पायरीचे वाहन येथे थांबून माणसास सुकाणू हाती घेण्यास सांगणार. ही बाब नियोजनकारास उपयोगाची आहे. यंत्रासाठी म्हणून जो पदपथ, जो स्वच्छ पट्टा, जी दिवाबत्ती करावी लागेल, ती सर्व आज पायी चालणाऱ्या माणसाचीच गरज आहे. ती कामे करण्यास यंत्राची वाट पाहण्याचे कारण नाही.

प्रवासाचा शीण गेला तर

येथवरचा विचार सुरक्षिततेचा झाला. नगरनियोजनाचा मूळ प्रश्न याहून वेगळा आहे आणि त्याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. समजा हे यंत्र उत्तम चालले, धुक्यातही चुकले नाही. मग मावळचे काय होईल?

याकोव्ह झहावी आणि त्यांच्या मागून इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केट्टी यांनी एक निरीक्षण मांडले आहे. निरनिराळ्या काळांतील व देशांतील माणसे दिवसाकाठी प्रवासाला साधारण एक तास देतात. साधन वेगवान झाले की माणूस वेळ वाचवीत नाही, तो अधिक दूर राहावयास जातो. चालकविरहित वाहनात तर हा तासही खर्ची पडल्यासारखा वाटणार नाही. गाडीत झोपता येईल, काम करता येईल. मग जाण्याचा अर्धा तास एक तास झाला तरी तक्रार राहणार नाही. हिंजवडीच्या कार्यालयापासून अर्ध्या तासाच्या टप्प्यात जेवढी जमीन येते, तिच्या चौपट जमीन एका तासाच्या टप्प्यात येते, हा साधा भूमितीचा हिशेब आहे. मावळच्या डोंगराळ भूमीत तो तंतोतंत लागू पडणार नाही, कारण येथे वर्तुळ पसरण्यास सपाटीच नाही. वस्ती रस्त्याच्या दोहो कडांनी खोऱ्यांत लांबत जाईल. परिणाम त्याने सौम्य न होता अधिक जाचक होईल, कारण सपाटी आहे ती नेमकी भातखाचरांची.

हे केवळ अनुमान नाही. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी एक चतुर प्रयोग केला. चालकविरहित मोटार उपलब्ध नसल्याने त्यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातील तेरा जणांना एक आठवडा पगारी चालक पुरविला. तो म्हणेल तेथे नेईल, रिकामी गाडी घेऊन निरोपही पोहोचवील. त्या आठवड्यात त्यांच्या मोटारींचे एकूण धावणे ८३ टक्क्यांनी वाढले, आणि त्यांतील काही फेऱ्यांत गाडीत मालक नव्हताच. नमुना लहान आहे आणि लोक अमेरिकेतील आहेत, हे ध्यानात ठेवूनही त्याची दिशा दुर्लक्ष करण्याजोगी नाही. आपल्याकडे ज्यांना पगारी चालक परवडतो, ती कुटुंबे किती फेऱ्या करतात हे पाहिले तरी याचा पडताळा येईल. गाडी विजेवर चालली तर धूर कमी होईल हे खरे. रस्त्याने व्यापलेली जागा मात्र तेवढीच राहील.

आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत भात हे मुख्य पीक. येथला आंबेमोहर पूर्वीपासून नावाजलेला. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने प्रसारित केलेल्या ‘इंद्रायणी’ या वाणाने तर राज्यभर नाव मिळविले. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या पवना धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडची तहान भागविते. म्हणजे या खोऱ्यांतील उतार, ओढे आणि खाचरे ही एका मोठ्या औद्योगिक शहराच्या पाण्याची पाणलोटभूमी आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत गुंठ्यागुंठ्याने विकली गेलेली शेते, डोंगरउतार कापून काढलेले भूखंड आणि कुंपण घातलेली फार्म हाऊसे आपण पाहतच आहोत. खाचरात एकदा मुरूम भरला की त्याचे पुन्हा खाचर होत नाही. आज या विस्ताराला थोडाफार आळा आहे तो गाडी चालविण्याच्या कंटाळ्याचा आणि घाटातील कोंडीचा. चालकविरहित मोटार नेमका तोच काढून घेणार आहे. तेव्हा तो आळा कंटाळ्यावर न सोडता आराखड्यात आणावा लागेल.

लोणावळ्याचा रविवार

२०११ च्या जनगणनेत लोणावळ्याची लोकसंख्या ५७ हजारांच्या घरात होती. पावसाळ्यातील शनिवार-रविवारी येथे येणारे पर्यटक त्या मानाने किती असतात, हे भुशी धरणाच्या रस्त्यावर अडकून पडलेल्यास विचारावे. त्या दिवशी स्थानिक रहिवाशाला दवाखान्यात जाणे अवघड होते. लोहगड जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला आहे. तेथील ओघही वाढणार. १५ जून २०२५ या रविवारी इंद्रायणीवरील कुंडमळा येथील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळून चौघांचा बळी गेला. वाहने आणि माणसे यांचा ओघ जागेच्या ताकदीबाहेर गेला की काय घडते, याचे याहून दुःखद उदाहरण तालुक्याला नको.

चालकविरहित मोटारींमुळे वाहनतळांची गरज उरणार नाही, बाजारातील मोलाची जागा मोकळी होईल, असे तिचे पुरस्कर्ते सांगतात. गाडी मालकास सोडून स्वतःच दूर जाऊन थांबेल, ही कल्पना आकर्षक आहे. परंतु कॅलिफोर्निया विद्यापीठातील एका अभ्यासाने २०१९ मध्ये दाखविले की, वाहनतळाचे भाडे भरण्यापेक्षा रिकामी गाडी रस्त्यावर सावकाश फिरवीत ठेवणे मालकास स्वस्त पडेल. भुशीच्या रस्त्यावर आज भरलेल्या मोटारींची रांग असते. उद्या रिकाम्या मोटारींची रांग लागली, तर तीत सापडलेल्या रुग्णवाहिकेला काय फरक पडणार?

यावर उपाय शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. घाटाखाली, रायगड जिल्ह्यातील माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित आहे. तेथे खासगी मोटार दस्तुरी नाक्यापुढे जात नाही, आणि तरीही पर्यटक येतात. डिसेंबर २०२२ मध्ये तेथे ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच मिळाव्यात, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नवे वाहन आले की जुन्या कष्टकऱ्याचे काय, हा विषय तेथे टाळता आला नाही आणि ते योग्यच झाले. लोणावळा काही माथेरान नव्हे. त्यातून महामार्ग व लोहमार्ग जातात. तथापि वलवणच्या बाजूस मोटारी थोपवून तेथून भुशी, टायगर पॉइंट या ठिकाणी लहान विजेच्या बसगाड्या सोडणे आणि त्या प्रथम स्थानिक चालकांकडेच देणे, एवढे अशक्य नाही. ठरावीक वाट, मंद वेग, मर्यादित हवामान या अटी अशा फेऱ्यांत सहज बसतात. पुढे-मागे स्वयंचलन आलेच, तर त्याचा प्रवेश याच दाराने व्हावा.

स्थानकापासून घरापर्यंत

चालकाविना चालणारे वाहन भारतात आलेले नाही, असे मात्र कोणी समजू नये. दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा मार्गिकेवर २८ डिसेंबर २०२० रोजी चालकविरहित गाडी सुरू झाली. तिला हे साधले, कारण तिची वाट स्वतंत्र आहे. हेच तत्त्व रस्त्यावर लागू केलेले उदाहरण हॉलंडमध्ये सापडते. रॉटरडॅमजवळ क्रालिंगसे झूम या मेट्रो स्थानकापासून रिव्हियम या कार्यालयीन वसाहतीपर्यंत १९९९ मध्ये चालकविरहित छोट्या बसगाड्या धावू लागल्या. अंतर दोनेक किलोमीटरचे, वाट राखीव, आणि जेथे ती रस्ता ओलांडते तेथे फाटक. मोठ्या गाडीने आलेल्या माणसाला शेवटच्या दोन किलोमीटरसाठी स्वतःची मोटार लागू नये, एवढाच त्या योजनेचा हेतू होता. त्यात चमत्कार कमी आहे, म्हणूनच ती आपणांस जवळची वाटावी.

मावळातील लोहमार्ग इंद्रायणीच्या खोऱ्यातून जातो, आणि बाजूची खोरी कान्हे, कामशेत अशा स्थानकांपाशी येऊन मिळतात. टाकव्याचा आणि आंदर मावळचा माणूस कान्ह्याकडे येतो, पवनानगरचा व नाणे मावळचा कामशेतला. निसर्गाने घातलेली ही रचना नियोजनास अत्यंत सोयीची आहे: मधला कणा लोहमार्गाचा, फाटे खोऱ्यांचे. रस्त्याची एक मार्गिका तासाभरात फार तर दोन हजार मोटारी वाहून नेते. प्रत्येकीत दीड माणूस धरला तर तीन हजार माणसे झाली. भरलेल्या दोन-तीन लोकल गाड्या तेवढे काम करतात. अडचण अशी की आज पुणे–लोणावळा दरम्यान लोकल, एक्स्प्रेस आणि मालगाड्या दोनच मार्गिकांवर चालतात, आणि लोकलच्या फेऱ्या वाढविण्यास त्यांत जागा नाही. या पट्ट्यात तिसरी व चौथी मार्गिका टाकण्यास राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मान्यता दिली. मावळच्या भवितव्याच्या दृष्टीने कोणत्याही चालकविरहित मोटारीपेक्षा हा निर्णय मोठा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मात्र नवी मार्गिका टाकली आणि स्थानकाबाहेरचा चौक आहे तसाच ठेवला, तर अर्धे काम वाया जाईल. कामशेतला गाडीतून उतरलेल्या माणसास पवनानगरच्या वाहनासाठी कोठे उभे राहावयाचे, हे आज ठाऊक असते ते सवयीने. स्थानकापासून पायी दहा मिनिटांच्या टप्प्यात दाट वस्तीस परवानगी, त्यापलीकडे खाचरांना संरक्षण आणि स्थानकासमोर खोऱ्यांत जाणाऱ्या लहान वाहनांसाठी राखीव जागा ही तीन कलमे आराखड्यात एकाच वेळी आली पाहिजेत. खोऱ्यांच्या रस्त्यांवर बसपुरती वेगळी पट्टी आणि तिच्या कडेने पदपथ ठेवला, तर आज त्यावरून चालक असलेली मिनीबस जाईल. पुढे टाकव्यास पारखून निघालेले एखादे मंदगती स्वयंचलित वाहन त्याच पट्टीवरून रात्री उशिरा, वडाप बंद झाल्यावर, दुसऱ्या पाळीवरून परतणाऱ्या कामगाराला वाडीपर्यंत पोहोचवू शकेल. दिवसा चालकाचा रोजगार राहील, आणि जेथे आज वाहनच मिळत नाही तेथे यंत्राचा उपयोग होईल.

आरंभ कोठे करावा, असे कोणी विचारले तर मळवली हे स्थानक सुचवावेसे वाटते. कार्ले आणि भाजे ही लेणी व लोहगड-विसापूर हे किल्ले या एका लहान स्थानकाच्या दोन बाजूंना आहेत. पावसाळ्यातील रविवारी लोकलने आलेली शेकडो मुले-माणसे भाज्याच्या वाटेने मोटारींच्या मधून चालत असतात. तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेसाठी स्थानकाच्या परिसराची मोजणी होईल तेव्हाच भाज्यापर्यंतचा पदपथ आणि त्यालगत एका बसच्या रुंदीची पट्टी मोजून घेतली, तर तिला लागणारी जमीन फार नाही. पाच वर्षांनी ती तेथे शिल्लक असेलच असे नाही.